२००१ च्या टाटा २०७ चा डॅशबोर्ड काढून दुसरा बसवतोय – सल्ला हवा आहे

द्राक्षबाग_निफाड | २ ऑगस्ट, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

आमच्या घरी २००१ सालची टाटा २०७ पिकअप आहे. अण्णांनी घेतली तेव्हा मी सातवीत होतो, कंपनीचं नाव अजून टेल्को होतं. लासलगावला कांदा, पिंपळगावला द्राक्षाचे क्रेट, गावातल्या लग्नांना मांडवाचं सामान, सगळं हिनेच ओढलं. इंजिनचं काम एकदा झालंय. चासी साबूत आहे. पण डॅशबोर्डचे हाल बघवत नाहीत.

काचेकडच्या कडेने आधी केसाएवढी चीर पडली होती. ती वाढत वाढत मीटरपर्यंत आली आणि आता वरच्या भागाचे सरळ तीन तुकडे झालेत. मधला तुकडा दोन वर्षं चिकटपट्टीवर आहे. खडकाळ रस्त्यावर इतका खडखडाट होतो की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. त्यात हेडलाइट लावला की इंडिकेटरचा हिरवा दिवा मंद पेटून राहतो, आणि डिझेलचा काटा मनाला येईल तसा फिरतो.

सप्टेंबरमध्ये पासिंग आहे. गाडी जुनी असल्यामुळे दरवर्षी न्यावी लागते. नाशिकला जुन्या सामानाच्या दुकानात याच पिढीच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा अख्खा डॅश मिळाला, साडेतीन हजारांत. एक कोपरा घासलेला आहे, बाकी चांगला. सध्या छाटणीचं काम नाही, शेडमध्ये जागा आहे, हातात आठ-दहा दिवस आहेत. काम स्वतःच करायचं ठरवलंय.

विचारायचं एवढंच की स्टेअरिंग पूर्ण काढावं लागतं का? आणि मागचं वायरिंग सुटं करताना काय सांभाळायचं? या आधी मी फक्त गाण्यांचा टेप बसवलाय आणि मीटरचे बल्ब बदललेत.

---

सुजाता_बारामती | २ ऑगस्ट, रात्री १०.१५

दादा, घाई करू नका. आमच्या दुधाच्या पिकअपचा डॅश असाच तडकला होता. मी न काढता दुरुस्त केला. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग खालच्या बाजूने स्टेपलरच्या पिना सोल्डरिंगच्या गनने तापवून आडव्या आत बसवल्या, त्यावर फायबरची जाळी आणि रेझिन. वरून भरून, घासून काळा मॅट रंग मारला. हजाराच्या आत काम झालं, चार वर्षं झाली, टिकलंय. तुकडे तीनच असतील तर आधी हे करून बघा.

---

कुशन_कोल्हापूर | ३ ऑगस्ट, सकाळी ८.०५

सुजाताताई, तुम्ही केलेलं काम बरोबर आहे, पण ते चीर ताजी असताना. वीस-बावीस वर्षांच्या प्लास्टिकला तो उपाय पुरत नाही. मी सीट आणि डॅशला रेक्झिन चढवायचं काम करतो, असे डॅश रोज हाताखालून जातात.

वरच्या कातडीत मऊपणा यावा म्हणून कारखान्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. उन्हात उभी राहून राहून तो हळूहळू उडून जातो. काचेला आतून जो चिकट धुरकट थर येतो ना, फडक्याने पुसला तरी पसरतो, त्यात बराचसा तोच असतो. तो गेला की कातडी आकसते. खालचा सांगाडा आकसत नाही. मग ताण कुठे निघणार? जिथे भोक आहे, स्क्रू आहे, हवेची जाळी आहे, तिथे फाटतं. एक चीर जोडली की सहा महिन्यांत शेजारी दुसरी.

निफाडकर भाऊ, बोटाच्या नखाने कडेला दाबून बघा. खपली निघाली तर तो डॅश जोडायच्या लायकीचा राहिला नाही. आणि आणलेला जुना डॅशही तसाच दाबून बघा, बसवायच्या आधी. त्यावर कुणी चकाकीसाठी सिलिकॉनचं तेल फासलं असेल तर साबणाच्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. दुपारी त्याची चकाकी काचेत उमटते आणि समोरचं दिसत नाही.

---

द्राक्षबाग_निफाड | ३ ऑगस्ट, सकाळी ८.४०

दाबून बघितलं. जुन्याची खपली निघाली, बोटात पीठ आलं. आणलेला मात्र घट्ट आहे. मोडीची गाडी बहुतेक सावलीत उभी असावी. म्हणजे बदलायचाच.

---

वायरिंगवाले_काका | ३ ऑगस्ट, दुपारी १.३०

मी सांगलीला ३५ वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतोय. २०७, ४०७, सुमो, जीप, सगळ्यांचे डॅश उतरवलेत. बाळा, डॅश काढणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याच्या मागे वीस वर्षांत जे साचलंय ते निस्तरणं हे खरं काम. जेवल्यावर सवडीने लिहितोय, नीट वाच.

सगळ्यात आधी बॅटरीची मायनस तार काढ आणि कापड गुंडाळून बाजूला बांध. चावी बंद केली म्हणून भागत नाही. फ्यूजच्या आधीच्या जाड तारेत बॅटरीचा सप्लाय कायम असतो. पाना एकीकडे त्या तारेला आणि दुसरीकडे पत्र्याला टेकला तर तार लाल होते आणि गाडी पेटते. असं जळालेलं वायरिंग घेऊन माणसं माझ्याकडे आलेली आहेत.

मग काहीही सोडवायच्या आधी फोटो काढ. डावीकडून, उजवीकडून, खाली पाठीवर झोपून. प्रत्येक कपलरवर (तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर) कापडी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिही, आणि कपलरच्या दोन्ही अर्ध्यांवर तोच आकडा टाक. रंगावर विसंबू नकोस. जुन्या गाडीत मध्येच कुणीतरी हातात आली ती तार जोडलेली असते, आणि धुळीने लाल-तपकिरी सारखेच दिसतात. कपलर ओढताना तार धरून ओढायची नाही, खटका दाबून कपलर धरून ओढायचा. जुनं प्लास्टिक असतं, थंडीत ओढलं तर खटका तुटतो. दुपारच्या उन्हात गाडी जरा तापू दे, मग हात घाल.

स्टेअरिंगचं चाक काढलंच पाहिजे असं नाही. कॉलमला डॅशखाली धरून ठेवणारा ब्रॅकेट असतो, त्याचे बोल्ट सोडले की कॉलम सीटवर टेकतो आणि डॅश वरून बाहेर येतो. सीटवर जाड गोणपाट टाक. चाक काढावंच लागलं तर आधी चाक सरळ कर, दांड्यावर आणि चाकावर मिळून एक खूण मार. नट पूर्ण काढू नकोस, चार आटे राहू देत आणि मग पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लाव. नट नसेल तर चाक एकदम सुटून तोंडावर येतं.

मीटरच्या मागे स्पीडोमीटरची केबल असते. हात घालून चाचपायचं, काही गाड्यांत खरबरीत रिंग फिरवायची असते, काहींत खटका दाबायचा असतो. ओढाताण केली तर मीटरचा नरसाळा तुटतो. केबल पुरत नसेल तर इंजिनच्या बाजूने रबर बुशातून थोडी आत ढकल, ढील मिळते.

स्क्रूंची आठवण राहत नाही, कितीही हुशार माणूस असला तरी. थर्माकोलच्या तुकड्यावर डॅशचं चित्र काढ आणि जिथला स्क्रू तिथे टोच. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या तारांच्या जुडग्यात घुसतो. मग हॉर्न दाबला की वायपर चालतो अशा तक्रारी घेऊन लोक येतात.

आणि हिरवा दिवा मंद पेटणं, डिझेलचा काटा फिरणं, हे डॅश बदलून जाणार नाही. ती अर्थची, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीला परत जातो त्या जोडाची तक्रार आहे. डॅश निघाल्यावर अर्थचा बोल्ट दिसेल, तेव्हा सांग.

---

प्रवासी_जळगाव | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

एवढी मेहनत करण्यापेक्षा गाडी देऊन टाका. जुन्यावर दहा दिवस घालवणं परवडतं का?

---

द्राक्षबाग_निफाड | ३ ऑगस्ट, सायंकाळी ७.००

हिशोब केला तर तुमचं बरोबर आहे. पण वर्षातले पाच महिने रोज चालणारी गाडी आहे, हप्ता नाही, गावातला कुठलाही मिस्त्री तिला हात लावतो. आणि अण्णा आता गाडी चालवत नाहीत, पण शेडमध्ये जाऊन तिच्यात बसतात, रेडिओ ऐकतात. मला ती अशी फाटक्या तोंडाने उभी नकोय.

---

द्राक्षबाग_निफाड | ५ ऑगस्ट, रात्री ९.१०

आज डॅश उतरवला. सकाळी ९ ला सुरुवात, दुपारी ३ ला डॅश बाहेर. काकांनी सांगितलं त्याच क्रमाने गेलो.

सगळ्यात त्रास काचेलगतच्या स्क्रूंनी दिला. काच तिरकी येते, स्क्रू ड्रायव्हर सरळ बसत नाही आणि घाई केली की स्क्रूचं डोकं झिजतं. शेवटी मुठीत मावेल असा बुटका स्क्रू ड्रायव्हर आणला, काचेवर ओलं फडकं पसरलं, आदल्या रात्री स्क्रूंवर गंज सुटायचं तेल सोडलं होतं. दोन तरीही हटले नाहीत. त्यांची डोकी ड्रिलने उडवली.

नंतर सगळे स्क्रू निघाले तरी डॅश मधूनच अडकत होता. अर्धा तास हलवून पाहिलं. जोर लावायचं मनात आलं होतं. अण्णा बाहेर खुर्चीवर बसून बघत होते, ते म्हणाले, "राखेची डबी काढ." तिच्या मागे आणखी एक स्क्रू होता! चोवीस वर्षांपूर्वी टेप बसवला तेव्हा त्यांनी तो बघितला होता.

आतलं दृश्य मात्र वाईट निघालं. ब्लोअरच्या तोंडाशी उंदराचं घरटं, कांद्याच्या जाळीच्या गोणीचे लाल धागे आणि सीटचा फोम. चार तारांचं प्लास्टिक कुरतडलेलं, दोन ठिकाणी तांबं उघडं. टेपची तार फ्यूजशिवाय सरळ सप्लायला पिळून जोडलेली, वर साधी चिकटपट्टी, ती सुकून गळून पडलेली. ही तार आपटून आपटून पत्र्याला लागली असती तर? बघून अंगावर काटा आला. अर्थचा बोल्ट सापडला. रंगावरच कसलेला आहे, खाली गंज, बोटाने फिरतो. पाच तारांचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या) एकाच बोल्टखाली आहेत.

आता काय करू?

---

मालवणी_मासळी | ५ ऑगस्ट, रात्री ९.५५

अर्थ! आमच्या किनाऱ्यावर अर्ध्या गाड्यांचं दुखणं हेच असतं. मी मालवणहून मासळी घेऊन कोल्हापूरला जातो. खारी हवा आणि बर्फाचं पाणी यांच्यापुढे दोन पावसाळ्यांत बोल्टखालचा पत्रा गंजतो आणि लग हिरवे-पांढरे होतात. मी काय करतो ते सांगतो. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, लगही घासा. दातेरी वॉशर टाका, तो पत्र्यात रुततो. घट्ट कसा आणि मग वरून ग्रीस फासा, आधी नाही. बोल्टचे आटे गेले असतील तर जवळ नवं भोक पाडून नवा बोल्ट टाका, जुन्यातच पाचर मारू नका.

---

वायरिंगवाले_काका | ६ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मालवणकरांनी सांगितलं तेच. मी त्यात एकच भर घालतो. पाच लग एका बोल्टवर नकोत. मीटरचा अर्थ वेगळा काढ, दुसऱ्या बोल्टवर. हेडलाइटचा करंट मोठा असतो, त्याला पत्र्यात जायला वाट मिळाली नाही की तो इंडिकेटरच्या दिव्यातून उलटा वाट शोधतो. म्हणून तुझा हिरवा दिवा मंद पेटत होता. डिझेलचा काटाही त्याच अर्थवर टेकलेला आहे.

कुरतडलेल्या तारा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळू नकोस. खराब तुकडा काप, त्याच जाडीची तार घे, आधी एका टोकात स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) ओव, मग दोन्ही टोकं गुंफून कथलाचा डाग दे आणि स्लीव्ह गरम करून आवळ. स्लीव्ह आधी ओवायची विसरतात आणि डाग पुन्हा उकलावा लागतो, म्हणून दोनदा सांगतो. दोन तारांचे सांधे शेजारी शेजारी येऊ देऊ नकोस, बोटभर मागेपुढे ठेव. टेपला वेगळा फ्यूज दे, सप्लाय जिथून घेतोस त्याच्या जवळच, टेपच्या टोकाला नव्हे. मधली तारच घासली तर टोकाचा फ्यूज काय वाचवणार?

ब्लोअरच्या हवेच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी लाव. कापड कोंबू नकोस, हवा बंद होते आणि उंदीर कापड खातोच. इंजिनच्या भिंतीत जिथे जिथे रबर बुश गळून गेलाय तिथे नवा घाल. उंदीर तिथूनच येतो, आणि बुश नसलेल्या भोकाच्या कडेवर तार घासते ते वेगळंच.

डॅश बाहेर आहे तोवर ब्लोअरची मोटर काढून बुशांना तेल दे, वायपरच्या लिंकला ग्रीस दे. डॅश बसल्यावर तिथे हात जाणार नाही.

---

मिशिगनकर | ६ ऑगस्ट, सकाळी ९.४५

मी मूळचा साताऱ्याचा, आता मिशिगनमध्ये. माझा १९९९ चा पिकअप आहे. मागच्या हिवाळ्यात हीटरचं छोटं रेडिएटर गळायला लागलं, पायाशी कूलंट आणि काचेवर वाफ. ते डॅशच्या मागे असतं, त्यामुळे इथेही सगळा डॅश खोलावा लागला. वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटली, राखेच्या डबीमागचा स्क्रूसुद्धा.

एक गोष्ट मात्र नव्या गाडीवाल्यांसाठी इथे नोंदवून ठेवतो. निफाडच्या गाडीत एअरबॅग नाही, म्हणून काकांचा क्रम चालतो. माझ्या गाडीत दोन आहेत. अशा गाडीत बॅटरी काढल्यावरही काही वेळ आत साठलेला करंट एअरबॅग उडवू शकतो, त्यामुळे गाडीच्या पुस्तकात लिहिलेली वेळ थांबायचं आणि मगच हात लावायचा. त्या तारांवर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर कधीही टेकवायचा नाही. काढलेली एअरबॅग शोभेचं तोंड वर करून ठेवायची, पालथी नाही. स्टेअरिंग काढलं तर चाकामागची गोल पट्टी फिरू द्यायची नाही, नाहीतर पुढे कधीतरी वळताना तुटते. आणि हे वाचून जमेल की नाही अशी शंका असेल, तर एअरबॅगवाली गाडी जाणकाराकडेच द्यावी.

---

कुशन_कोल्हापूर | ६ ऑगस्ट, दुपारी २.१०

डॅश बसवायच्या आधी जिथे प्लास्टिक पत्र्यावर टेकतं तिथे फेल्टची पट्टी चिकटवा. स्पंजची नको, तो दोन वर्षांत भुगा होतो. तुमचा निम्मा खडखडाट तडांमुळे नसून त्या टेकण्याच्या जागा मोकळ्या झाल्यामुळे असणार. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आणि हवेच्या जाळ्यांच्या कडांनाही पट्टी लावा.

घासलेल्या कोपऱ्याला रंग देऊ नका, वेगळाच दिसतो. तेवढ्या कोपऱ्याला त्याच पोताचं रेक्झिन गरम हवेने ताणून लावता येईल. कुठल्याही सीटवाल्याकडे वीतभर तुकडा मिळेल.

---

द्राक्षबाग_निफाड | ९ ऑगस्ट, रात्री १०.००

डॅश बसला!

तीन दिवस वायरिंगवरच गेले. सहा सांधे डाग देऊन केले, पहिल्याला स्लीव्ह ओवायची राहिलीच, पुन्हा उकलला. दोन नवे अर्थ पॉइंट. टेपला फ्यूज. सगळं जुडगं कापडी चिकटपट्टीने नव्याने गुंडाळलं. सगळ्यात समाधान याचं की डॅश स्क्रूने कसायच्या आधीच सगळे कपलर लावून, बॅटरी जोडून प्रत्येक गोष्ट चालवून बघितली. हेडलाइट, डिपर, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा. हिरवा दिवा आता मंद पेटत नाही. काटा स्थिर आहे.

मीटर मोडीच्या गाडीचा न घेता आमचाच ठेवला, म्हणजे किलोमीटरचा आकडा आपलाच राहिला. पुढे गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला खरं ते दाखवता येईल. मीटर हातात होताच, म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून त्यातले सगळे जुने बल्ब काढून पांढरे एलईडी टाकले. रात्री आकडे स्वच्छ दिसतात. अण्णांना फार आवडलं.

बसवताना एक शिकलो. प्लास्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी उलटा फिरवायचा, टक् असा आवाज येऊन तो जुन्या आट्यात बसतो, मग सुलटा कसायचा. सरळ कसला तर नवे आटे पडतात आणि दुसऱ्या वेळेला तो स्क्रू धरत नाही. सगळे स्क्रू आधी ढिले लावले, डॅश काचेशी सारखा केला, मग मधून कडेला कसत गेलो.

स्पीडोमीटरचा काटा मात्र २०-३० च्या वेगाला थरथरतो.

---

वायरिंगवाले_काका | १० ऑगस्ट, सकाळी ७.१५

शाब्बास. काटा थरथरतो म्हणजे केबलला कुठेतरी काटकोनात मोड आलाय. मीटरमागे मोठी गोलाई देऊन बसव. आतली तार बाहेर ओढून पूस, तिचे तीन भाग धरले तर खालच्या दोन भागांना हलकं ग्रीस लाव, मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेव. तिथे ग्रीस लावलं तर ते चढून मीटरमध्ये जातं.

---

द्राक्षबाग_निफाड | १३ ऑगस्ट, रात्री ८.३०

केबलचं काम झालं, काटा आता शांत आहे. पण मोठी अडचण आली.

आज पहाटे कांदा घेऊन लासलगावला गेलो. लिलाव झाल्यावर चावी फिरवली तर नुसतं टक्. बॅटरी बसलेली. दुसऱ्या गाडीवरून तार जोडून सुरू केली आणि घरी आलो. बॅटरी आठ महिन्यांची आहे. घरी येऊन मल्टिमीटर लावला, इंजिन चालू असताना १२.१ व्होल्ट, आणि हळूहळू उतरतोय. डॅश काढायच्या आधी चार्जिंग व्यवस्थित होतं. फ्यूज सगळे तपासले. अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) पट्टा घट्ट आहे. मीच कुठेतरी चुकलोय का? अल्टरनेटर उतरवून रिवाइंडिंगला द्यायचा विचार चाललाय, पण रात्रभर झोप लागणार नाही म्हणून आधी इथे विचारतोय.

---

सुजाता_बारामती | १३ ऑगस्ट, रात्री ८.५०

१२.१ म्हणजे अल्टरनेटर काहीच देत नाहीये. चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. पण डॅशच्या कामात अल्टरनेटरला तर हातच लागत नाही, मग तो कसा बिघडेल?

---

वायरिंगवाले_काका | १३ ऑगस्ट, रात्री ९.२०

अल्टरनेटर उतरवू नकोस. आधी एवढं सांग, चावी ऑन केली आणि इंजिन बंद असलं, तर मीटरवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का?

---

द्राक्षबाग_निफाड | १३ ऑगस्ट, रात्री ९.२८

आत्ता जाऊन बघितलं. नाही लागत. ऑइलचा लागतो, बॅटरीचा नाही. पूर्वी लागायचा.

---

वायरिंगवाले_काका | १३ ऑगस्ट, रात्री ९.५०

मग झालं. तुझा अल्टरनेटर चांगला आहे, बल्ब चुकलाय.

तो लाल दिवा नुसता सूचना देत नाही. अल्टरनेटरला वीज तयार करायला आत चुंबक लागतं, आणि ते चुंबक सुरुवातीला जागं होतं बॅटरीच्या थोड्या करंटवर. जुन्या गाड्यांत तो करंट त्या बल्बमधूनच जातो. चावी ऑन, बल्बमधून करंट, चुंबक जागं, इंजिन फिरलं की अल्टरनेटर स्वतःची वीज करायला लागतो आणि दोन्ही बाजूंना सारखा दाब आला की दिवा विझतो. ३ वॉटचा बल्ब असला तर पाव अँपिअर जातो. एलईडीतून त्याच्या दशांशही जात नाही. आणि एलईडीला एकच दिशा चालते. तुझा बहुतेक उलटा बसलाय, म्हणून तोही लागला नाही, करंटही गेला नाही.

भाच्याचा दोष नाही. मीटरचे बाकीचे एलईडी राहू देत, तेवढा एक काढ आणि जुना बल्ब परत लाव. जुने बल्ब ठेवलेत ना?

---

द्राक्षबाग_निफाड | १४ ऑगस्ट, सकाळी १०.४०

काका, पायाला हात लावतो.

जुने बल्ब थर्माकोलवरच टोचून ठेवले होते. मीटरचे चार स्क्रू, केबल, दोन कपलर, वीस मिनिटांत मीटर हातात. डॅश काढावा लागला नाही. बॅटरीच्या दिव्याच्या जागी जुना बल्ब लावला. चावी ऑन केली, लाल दिवा लख्ख लागला. इंजिन सुरू केलं, विझला. मल्टिमीटरवर १४.१. हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.७.

रिवाइंडिंगवाल्याने बहुतेक अल्टरनेटर खोललाच असता, आणि तो चांगला निघाला असता तरी माझी गाडी तशीच बंद पडत राहिली असती.

---

मालवणी_मासळी | १४ ऑगस्ट, सकाळी ११.१५

हे मला माहीत नव्हतं. माझ्या गाडीला गेल्या वर्षी सुरू केल्यावर एकदा जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग धरत नव्हतं. आत्ता जाऊन बघितलं, तो दिवा गेलेला आहे.

---

वायरिंगवाले_काका | १४ ऑगस्ट, सकाळी ११.४०

तेच. लोखंडात थोडं चुंबकपण उरलेलं असतं, रेस दिल्यावर त्याच्यावर कसंबसं जागं होतं. बल्ब बदला. दहा-वीस रुपयांचा येतो.

---

द्राक्षबाग_निफाड | १९ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०

पासिंग झालं. हॉर्न, वायपर, दिवे, स्पीडोमीटर, सगळं पहिल्या फेरीत. मुख्य म्हणजे खडखडाट गेला. काल अण्णांना शेजारी बसवून पिंपळगावला जाऊन आलो, निम्म्या वाटेपर्यंत ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "इंजिनचा आवाज ऐकू येतोय."

कुशनवाले दादा, कोपऱ्याला रेक्झिन लावलं, सांधा दिसत नाही. फेल्टचा सल्ला सोन्यासारखा.

---

नवा_सभासद_बार्शी | २० सप्टेंबर, सकाळी ९.००

नमस्कार. सगळा धागा वाचला. माझ्याकडेही २०७ आहे, डॅश बरा आहे पण ग्लोव्ह बॉक्सचं झाकण तुटलंय आणि कुठे मिळत नाही. तुमच्या जुन्या डॅशचं झाकण शाबूत असेल तर विकत द्याल का?

---

द्राक्षबाग_निफाड | २० सप्टेंबर, सकाळी ९.२५

शाबूत आहे, बिजागरी आणि खटक्यासकट. पैसे नकोत. पत्ता निरोपात पाठवा, सोमवारी निफाडहून एसटीच्या पार्सलने टाकतो. खटक्याचा एक स्क्रू लांब आहे आणि एक आखूड. आखूड डावीकडचा आहे, चिठ्ठी लावून देतो.